डोंगरांनीं राखलेलें बेट

हाँगकाँगचें नांव घेतलें म्हणजे गगनचुंबी इमारती, दिव्यांनीं झगमगणारें बंदर आणि घाईनें धांवणारी माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु त्याच शहराच्या धक्क्यावरून एखाद्या बोटींत बसावें, तर तासाभराच्या आंत प्रवासी अशा बेटावर उतरतो कीं, जेथें गवताळ डोंगरांच्या रांगा थेट समुद्रांत उतरल्या आहेत, आणि दोन डोंगरांच्या बेचक्यांत लहान लहान खेडीं विसावलीं आहेत. ह्या बेटाचें नांव लांताव. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५७ चौरस मैल, म्हणजे मूळ हाँगकाँग बेटाच्या जवळजवळ दुप्पट आहे. असें असूनहि महानगर वसलें तें लहान बेटावर. मोठें बेट शतकानुशतकें बाजूसच राहिलें. असें कां व्हावें? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरांत लांतावचा बहुतेक इतिहास सांठविलेला आहे.

पर्ल नदी जेथें दक्षिण चीनच्या समुद्रास मिळते, त्या विशाल मुखाच्या पूर्वेस हें बेट आहे. कर्कवृत्ताच्या किंचित् दक्षिणेस असल्यामुळें येथील उन्हाळा दमट व पावसाळी असतो. तुफानांचा तडाखाहि त्याच दिवसांत बसतो. हिंवाळ्यांत मात्र उत्तरेकडून कोरडे, गार वारे येतात. बेटाचें सर्वोच्च शिखर फुंग वोंग हें ३,०६४ फूट उंच, म्हणजे आपल्या माथेरानाहूनहि उंच आहे. आणि ही सारी उंची समुद्राच्या कांठापासून मोजावयाची. चिनी लोक ह्या बेटास ताई यू शान म्हणतात. त्या नांवांतील 'शान' म्हणजे डोंगर. बेटास डोंगर म्हणण्यांत कांहींच वावगें नाहीं, कारण येथें सपाट जमीन हीच दुर्मिळ वस्तु होय.

शेतीला जमीन थोडी, परंतु मासळी आणि मीठ मुबलक. सुंग राजवटींत मिठाचा व्यापार सरकारच्या मक्त्याचा होता. सरकारी शिक्क्याबाहेरचें मीठ विकणें हा गुन्हा समजत. बेटावरील लोकांची उपजीविकाच त्यावर चाललेली. सरकारनें बंदोबस्त कडक करतांच इ. स. ११९७ सालीं ते बंड करून उठले. कँटनहून सैन्य आलें, आणि बेटावर मोठी कत्तल झाली. इ. स. १९३० सालीं शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांवर जें घडलें, तें ज्यांच्या घरांत आजहि सांगितलें जातें, त्यांना ही सातशें वर्षांहून जुनी चिनी हकीकत परकी वाटूं नये. समुद्राचें पाणी सर्वांचें, पण त्यांतील मीठ राजाचें, हा न्याय गरिबांस कोठेंच पटलेला नाहीं.

ज्या सुंग राजवटीनें ही कत्तल केली, तिच्यावरच पुढें ऐंशी वर्षांनीं परागंदा होण्याची पाळी आली. मंगोल सैन्यापुढें माघार घेत राजघराणें दक्षिणेच्या किनाऱ्याशीं आलें. बालवयाचा सम्राट इ. स. १२७८ सालीं एका बेटावर मरण पावला, आणि त्याच्या धाकट्या भावास तेथेंच गादीवर बसविण्यांत आलें. तें बेट लांतावच असावें असें कांहीं पंडित मानतात. दुसरे तें बरेंच पश्चिमेकडील एक बेट मानतात. पुढच्याच वर्षीं याइमेन येथील आरमारी युद्धांत पराभव होतांच मंत्री लू शिउफू ह्यानें त्या बालराजास पाठीवर घेऊन समुद्रांत उडी टाकली. ह्या राजपुत्रांचा पाठीराखा म्हणून ज्याची ख्याति आहे, त्या यांग नांवाच्या सरदाराचें देऊळ लांतावच्या तुंग चुंग गांवीं आजहि पूजेंत आहे. वाद पंडितांनीं घालावा. गांवकऱ्यांनीं आपला निर्णय केव्हांच देऊन टाकला आहे.

ज्या कारणानें येथें राज्य करणें कठीण, त्याच कारणानें येथें लपणें सोपें होतें. इ. स. १५२२ मध्यें लांतावनजीकच्या पाण्यांत मिंग आरमारानें पोर्तुगीजांचा पराभव केला आणि त्यांना हुसकावून लाविलें. इ. स. १६६२ मध्यें मांचू राजवटीनें समुद्रावरील शत्रूंस रसद मिळूं नये म्हणून किनाऱ्यावरील सारी वस्तीच आंत हलविण्याची आज्ञा केली. घरें ओसाड पडलीं, शेतें रानानें गिळलीं, आणि इ. स. १६६९ पर्यंत लोकांना परतण्याची मुभा नव्हती. पुढें चाचे आले. त्यांचा नायक च्युंग पो त्साई ह्यास इ. स. १८०९ च्या नोव्हेंबरांत चिनी व पोर्तुगीज जहाजांनीं तुंग चुंगच्या उपसागरांत कोंडलें. त्याच्या तांड्यावर पेटतीं जहाजें सोडण्यांत आलीं, परंतु वाऱ्यानें दिशा बदलली आणि चाचे निसटले. ज्यास लढून जिंकतां आलें नाहीं, त्यास दुसऱ्या वर्षीं अभयदान आणि आरमारांतील अधिकारपद देऊन सरकारनें आपलासा केला. त्यानंतर इ. स. १८३२ सालीं तुंग चुंग येथें दगडी किल्ला उभा राहिला. त्याच्या तटावर सहा जुन्या तोफा अद्याप आहेत. पुढें त्याच किल्ल्यांत पोलीस ठाणें आलें, आणि कालांतरानें मुलांची शाळाहि भरली.

आतां प्रारंभींच्या प्रश्नाकडे वळूं. इंग्रजांना व्यापारासाठीं हवें होतें तें खोल आणि सुरक्षित बंदर. हाँगकाँग बेट आणि समोरचें कौलून ह्यांच्यामध्यें तें निसर्गानेंच तयार ठेविलें होतें. म्हणून इ. स. १८४१ मध्यें त्यांनीं आपलें निशाण लहान बेटावर रोविलें. पुढील वर्षीं नानकिंगच्या तहानें तें बेट कायमचें त्यांच्याकडे गेलें. हा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' युद्धनौकेवर झाला, ती आपल्या मुंबईच्या गोदींत वाडिया कारागिरांनीं सागवानी लांकडाची बांधून इ. स. १८१३ मध्यें पाण्यांत सोडलेली होती. लांताव मात्र इंग्रजांकडे आलें तें इ. स. १८९८ सालीं, आणि तेंहि ९९ वर्षांच्या पट्ट्यानें. इ. स. १९०२ मध्यें बेटाच्या पश्चिम टोकांस सीमा दाखविणारे दोन दगडी स्तंभ उभारले गेले. त्यापलीकडे बेटाच्या जीवनांत मोठासा फरक पडला नाहीं. ताई ओ ह्या कोळ्यांच्या गांवीं खाडीच्या चिखलांत खांब रोवून बांधलेलीं घरें, मिठागरें, वाळत घातलेली मासळी आणि जवळ्याचें वाटण हा संसार तसाच चालला. खाडी ओलांडण्यासाठीं दोर ओढून नेण्याची होडी होती. तिची जागा पुलानें घेतली ती इ. स. १९९६ मध्यें.

ज्यांना शहराचा गलबला नको होता, त्यांनीं डोंगर जवळ केला. इ. स. १९०६ मध्यें तीन बौद्ध भिक्षूंनीं न्गोंग पिंग पठारावर एक गवती झोंपडी उभारली. इ. स. १९२४ मध्यें त्या मठास पो लिन, म्हणजे अमोल कमळ, हें नांव मिळालें. आज तेथें इ. स. १९९३ मध्यें पूर्ण झालेली बुद्धाची ३४ मीटर उंचीची ब्राँझची मूर्ति २६८ पायऱ्यांवर विराजमान आहे. इ. स. २००६ पासून हवेंतून दोरावर चालणारे पाळणे प्रवाशांना तेथपर्यंत नेतात. एके काळीं जेथें पोहोंचावयास अर्धा दिवस चढावें लागे, तेथें आतां अर्ध्या तासांत जातां येतें.

हा बदल लहानसा वाटतो. परंतु त्याच्यामागें मोठा बदल आहे. महानगराची जागा संपली. लांतावच्या उत्तरेस छेक लाप कोक नांवाचें एक लहान डोंगराळ बेट होतें. त्याचा डोंगर तोडून, समुद्र भरून त्यावर विमानतळ बांधण्यांत आला. तेथील ग्रॅनाइटचें सागरदेवीचें देऊळ दगड दगड सोडवून तुंग चुंग येथें पुन्हां उभारलें. इ. स. १९९७ मध्यें झुलता पूल झाला आणि लांताव प्रथमच रस्त्यानें शहरास जोडलें गेलें; त्याच वर्षीं इंग्रजांचा पट्टाहि संपला. इ. स. १९९८ मध्यें विमानें उतरूं लागलीं. इ. स. २०१८ मध्यें बेटाच्या पूर्वेस सुमारें १,७०० हेक्टर समुद्र भरून नवी वस्ती करण्याची योजना जाहीर झाली, आणि तिच्या खर्चावरून व समुद्राच्या हानीवरून शहरांत मोठा वाद माजला.

येथें दोन्ही बाजूंस सत्य आहे. ज्या शहरांत सामान्य कुटुंबास एकच खोली घेऊन राहावें लागतें, त्यानें जमीन मागूं नये, असें म्हणणें सोपें नाहीं. मुंबईकरांस तर हें सांगावयासच नको. परंतु इ. स. १९७८ पासून लांतावचा अर्ध्याहून अधिक भाग राखीव उद्यान म्हणून सुरक्षित आहे, आणि तो त्याच दाटींतील माणसांना सुटीच्या दिवशीं श्वास घेण्यास उपयोगी पडतो, हेंहि तितकेंच खरें. मीठ करणारा, परागंदा राजा, चाचा, कोळी आणि भिक्षु ह्या सर्वांना ह्या बेटानें थारा दिला, कारण त्याच्या डोंगरांपुढें सत्तेचा हात आंखूड पडत असे. आतां डोंगर फोडण्याचें सामर्थ्य माणसाच्या हातीं आलें आहे. तेव्हां बेट राखावयाचें काम डोंगरांवर सोंपवून चालणार नाहीं. तें शहरानेंच अंगावर घेतलें पाहिजे. तुंग चुंगच्या किल्ल्यावरील तोफा ज्या समुद्राची राखण करण्यासाठीं मांडल्या होत्या, त्या बाजूस आज नव्या वस्तीचे मनोरे उभे आहेत, आणि त्यांच्या पलीकडे विमानें चढत-उतरत असतात. किल्ल्याच्या पाठीशीं मात्र डोंगर अजून हिरवेच आहेत.