कमावलेला आवाज खोटा कसा?

‘कपडे बदलतील, रूप बदलेल, पण आवाज कसा बदलणार? बारीक काढलेला आवाज म्हणजे सोंगच.’ पारलिंगी स्त्रियांबद्दलचं हे मत हैदराबादच्या काचीगुडा-बरकतपुऱ्यातल्या शिकल्यासवरल्या मराठी घरांतही ऐकू येतं. बोलणारी माणसं बहुधा दुष्ट नसतात. आवाज ही जन्मखूण आहे आणि ती बदलू पाहणारा इतरांना फसवतो, असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणूनच हा पूर्वपक्ष नीट तपासायला हवा.

त्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करू. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, कंठमणी पुढे येतो. नंतर इस्ट्रोजेन घेतलं तरी ते तंतू पुन्हा पातळ होत नाहीत. पारलिंगी पुरुषाचा आवाज संप्रेरकांनी उतरतो. पारलिंगी स्त्रीचा मात्र त्यांनी चढत नाही. तिला तो कमवावाच लागतो.

पण कमावलेला म्हणून खोटा, हे कुठून आलं? चार-पाच वर्षांच्या मुलामुलींचा स्वर जवळपास एकाच उंचीचा असतो, तरी नुसतं बोलणं ऐकून मुलगा की मुलगी हे बऱ्याचदा ओळखू येतं. शरीरातला फरक तोवर फार थोडा असतो. आईसारखं बोलावं की बाबांसारखं, हे मूल ऐकून ऐकून उचलत असतं. पहाटे उठून खर्ज लावणाऱ्या गवयाचा आवाज तर सरळ सरळ कमावलेला, आणि आपण त्याला साधना म्हणतो.

याहून निर्णायक दाखला वाचा-उपचारांतच आहे. काही तरुणांचा आवाज वयात येऊनही बारीकच राहतो. स्वरयंत्र पुरतं वाढलेलं असतं, सवय जुनी असते. याला प्युबरफोनिया म्हणतात. उपचार करणारी व्यक्ती कंठमण्यावर बोटांनी हलका दाब देते, मुद्दाम खोकायला लावते, हुंकार द्यायला लावते आणि तो आवाज हळूहळू खाली आणते. घरच्यांना हायसं वाटतं. मुलगा आता खोट्या आवाजात बोलतो, असं कुणी म्हणत नाही. तेच स्वरयंत्र, तसाच सराव, फक्त दिशा उलटी. यावर कुणी म्हणेल की तिथे आवाज शरीराशी जुळवून घेतला, इथे शरीराविरुद्ध नेला. मग आक्षेप सरावावर नाहीच; ही व्यक्ती स्त्री आहे, यावर आहे. तसं असेल तर उघड बोला, आवाजाच्या आडून नको. आणि त्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात निवाडा दिला आहे: आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला.

दुसरा गैरसमज खुद्द शिकू पाहणाऱ्यांमध्येही आहे. स्वर उंच लावला की काम झालं, असं त्यांना वाटतं. पुरुषांचा बोलण्याचा स्वर साधारण १०० ते १३० हर्ट्झ, स्त्रियांचा १८० ते २२०. पण नुसता २०० हर्ट्झवर चढवलेला आवाज पुष्कळदा पुरुषाने काढलेला बारीक आवाजच वाटतो, कारण कानाला घुमाराही कळतो. तो घुमारा घडवणारी, स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात साधारण १७ सेंटिमीटर असते, स्त्रीत १४-१५. ही पोकळी सरावाने काही अंशी आखूड करता येते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. कंठमणी वर सरकताना जाणवेल. तो किंचित वर असताना हलक्या आवाजात ‘ई’ म्हणा, मग तो खाली सोडून त्याच स्वरात पुन्हा ‘ई’ म्हणा. पहिला उजळ येतो, दुसरा घुमतो. सगळी मेहनत या फरकावर आहे. त्याला हेलाची आणि तंतूंवरचा भार कमी ठेवण्याची जोड लागते. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, पुन्हा बोलायचं. घसा दुखला तर तिथेच थांबायचं, आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचं. शस्त्रक्रियेने स्वर चढतो, पोकळी तेवढीच राहते. म्हणून तिच्यानंतरही सराव लागतोच.

खरं तर मराठी माणसाला हे सांगावं लागू नये. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि पुढे ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ची सिंधू त्यांच्या गळ्यातून बोलल्या. बालगंधर्वांचं नेसणं आणि दागिने घरंदाज बायकांनी उचलले. बाईपण पुरुषाकडून शिकण्यात तेव्हा कुणाला कमीपणा वाटला नाही. ते रंगभूमीवर होतं, हे मला मान्य आहे. नाटक संपल्यावर राजहंस पुन्हा राजहंस होत. पारलिंगी स्त्री भूमिका करत नाही. पण म्हणून तर तिचा सराव अधिक खरा ठरतो, कारण तिला तो आवाज उतरवून ठेवायचा नसतो.

आपल्या शहरात ‘हे सोंगच’ या संशयाला कायद्याचं बळही होतं. काचीगुडा स्थानक १९१६ चं. निजामाच्या राज्यातला १३२९ फसलीचा हिजड्यांविषयीचा कायदा साधारण त्याच काळातला. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेषात रस्त्यावर दिसली, नाचली, वाद्य वाजवलं, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला जुलै २०२३ मध्ये.

आणखी एक आक्षेप सहृदय माणसांकडून येतो: समाजाने जाड आवाजाची बाई स्वीकारावी, तिने का बदलावं? स्वीकारावीच. जिला सराव नको तिच्यावर तो लादणंही अन्यायच. पण घरमालकाशी, बँकेशी, रात्रीच्या रिक्षावाल्याशी आज बोलायचं आहे, समाज सुधारल्यावर नव्हे. तेलुगूत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांना एकच क्रियापद पुरतं. मराठीत मात्र ‘जाते’ म्हणताक्षणी समोरचा आवाजाशी ताळा घेऊन पाहतो. शिवाय कितीतरी जणींना हा आवाज इतरांसाठी नव्हे, स्वतःच्या कानांसाठी हवा असतो. त्याचा खुलासा त्यांनी आपल्याला का द्यावा?

पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यातलं कलम १५ विमा योजनेच्या संदर्भात शस्त्रक्रिया, संप्रेरकं आणि लेझर उपचारांचा नावानिशी उल्लेख करतं; आवाजाचा करत नाही. तो उल्लेख व्हावा. काचीगुड्याजवळच कोठीला सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय आहे. हैदराबादच्याच, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेल्या अली यावर जंग यांच्या नावाच्या वाचा-श्रवण संस्थेचं केंद्र सिकंदराबादेत आहे. प्युबरफोनियाच्या तरुणाला जे मार्गदर्शन मिळतं, तेच पारलिंगी स्त्रीलाही मिळेल, असा फलक अशा प्रत्येक ठिकाणी दर्शनी भागात मराठी, तेलुगू आणि उर्दूत लागला पाहिजे.