जोखमी हुंडी व दूरद्वीपींचा व्यापार

वरणगाव येथून समुद्र फार दूर. तरी गावाच्या उत्तरेस वाहणारी तापी सुरतेच्या खाली सागरास मिळते, आणि 17 व्या शतकात बऱ्हाणपूरचे कापड बैल व गाडे यांवर खानदेशातून त्याच सुरतेस जात असे. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने या मार्गावरील मुक्काम नोंदून ठेविले आहेत. सुरतेहून हिंदी कापड जावा बेटातील बांतम येथे जाई. तेथे इंग्रजांची वखार 1602 पासून 1682 पर्यंत होती. कापड देऊन मिरी घ्यावयाची. मलुकूची लवंग व बांदाचे जायफळ यांचाही मोबदला बहुधा कापडच. अशा दूरच्या बेटांस माल धाडणारा व्यापारी आपला बचाव कसा करी, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिला बचाव ऋतूचा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे बंद पडत आणि खानदेशच्या काळ्या मातीत गाडेही रुतत. म्हणजे जमीन व समुद्र या दोहोंचे दार एकाच वेळी मिटे. हंगाम साधला नाही तर वर्ष वाया जाई.

दुसरा बचाव जोखीम वाटून घेण्याचा. याज्ञवल्क्याने अरण्यातून जाणाऱ्या ऋणकोस दरमहा शेकडा 10 व समुद्रगामी ऋणकोस शेकडा 20 व्याज सांगितले आहे. मुद्दल बुडण्याची शंका हे त्याचे कारण मिताक्षरेत दिले आहे. मनूनेही नावाड्याच्या दोषाने झालेली हानी नावाड्यांनी भरावी, दैवी आपत्तीत त्यांस दंड नाही, असा भेद केला आहे.

याच विचाराचे व्यवहारातील रूप म्हणजे जोखमी हुंडी. माल पाठविणाऱ्याने माल घेणाऱ्यावर हुंडी लिहावी व ती सराफास विकून रोकड घ्यावी. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे मिळावयाचे. जहाज बुडाले तर सराफाचे पैसे बुडाले. म्हणून तिच्या हुंडणावळीत व्याजाबरोबर जोखमीचे मोलही असे. एकाच कागदात कर्ज आणि विमा!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याज्ञवल्क्याने सागराआधी अरण्य सांगितले, ते उगाच नव्हे. आमच्याच जिल्ह्यातील धरणगावी इंग्रजांची वखार 1674 मध्ये होती; शिवाजी महाराजांच्या फौजेने ती 1675 मध्ये लुटली व 1679 मध्ये ते गाव पुन्हा लुटले गेले. बांतमचा माल बांतमच्या वाटेवरच बुडे असे नाही. तो तापीकाठीही बुडे. तेव्हा सागरी व्यापाराचा इतिहास केवळ बंदरांच्या दप्तरांतून लिहिणारा अर्धाच इतिहास लिहितो.

1867 मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला, मालाचा ओघ मुंबईकडे वळला, व सुरतेच्या वाटेचे महत्त्व गेले. परंतु वह्या मागे राहिल्या. प्रस्तुत लेखक शिक्षक असताना एका घरी जुन्या चोपड्यांचा गठ्ठा रद्दीत गेलेला त्याने पाहिला. आदल्या दिवशी जाता तर तो वाचता, ही रुखरुख अद्याप जात नाही.

संग्राहक सनदा व बखरी आदराने जपतात. वाण्या-सराफांच्या वह्यांकडे मात्र पाठ फिरवितात. त्यांस विनंती इतकीच की, वही हाती येताच हुंडणावळीचे दर पाहावे. एकाच मुदतीच्या दोन हुंड्यांच्या दरांतील फरक म्हणजे त्या वर्षीच्या भयाचे माप होय. असे माप बखरीत सापडत नाही.