रंगद्रव्य-संवेदित सौर घटांतील अब्जांश पदार्थ

रंगद्रव्य-संवेदित सौर घट हा प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या सौर घटांचा एक प्रकार आहे. सिलिकॉनच्या घटात अर्धवाहक स्वतःच प्रकाश शोषतो. या घटात ते काम अर्धवाहकावर चढवलेले रंगद्रव्य करते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ब्रायन ओ'रेगन व मिखाएल ग्रेट्झेल यांनी तयार केलेला घट १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून या प्रकाराला 'ग्रेट्झेल घट' असेही म्हणतात. घटाची कार्यक्षमता मोठ्या प्रमाणात त्यातील अब्जांश (नॅनो) पदार्थांच्या रचनेवर अवलंबून असते.

रचना व कार्य

पारदर्शक विद्युतवाहक काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांचा सच्छिद्र थर असतो. प्रकाश शोषल्यावर रंगद्रव्याचा रेणू या कणांना इलेक्ट्रॉन देतो. हा इलेक्ट्रॉन काचेपर्यंत व बाह्य परिपथातून प्लॅटिनमचा लेप असलेल्या दुसऱ्या विद्युत अग्राकडे जातो. दोन्ही अग्रांमधील आयोडाइडयुक्त द्रव रंगद्रव्याचा गमावलेला इलेक्ट्रॉन भरून काढतो.

अब्जांश कणांचे महत्त्व

सपाट पृष्ठभागावरील रंगद्रव्याचा एकरेणवीय थर प्रकाशाचा अल्पसा भागच शोषतो. रंगद्रव्याचा थर जाड करूनही फारसा उपयोग होत नाही, कारण अर्धवाहकाला चिकटलेले रेणूच त्याला परिणामकारकपणे इलेक्ट्रॉन देतात. १९९१ च्या घटात काही नॅनोमीटर आकाराच्या कणांचा १० मायक्रोमीटर जाडीचा थर होता. त्यामुळे पृष्ठफळ शेकडो पटींनी वाढले आणि कार्यक्षमता ७.१ ते ७.९ टक्के मिळाली.

मर्यादा व सुधारणा

असंख्य कणांमधून जाताना इलेक्ट्रॉनाचा मार्ग वेडावाकडा होतो. वाटेत तो द्रवातील आयनांशी संयोग पावल्यास वीज वाया जाते. यावर उपाय म्हणून २००५ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे पेइडाँग यांग व सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या उभ्या नॅनोतारा वापरल्या. इलेक्ट्रॉनांचे वहन जलद झाले. परंतु पृष्ठफळ कमी असल्याने कार्यक्षमता सुमारे १.५ टक्केच राहिली. पृष्ठफळ व वहन यांचा समतोल साधणे हीच या संशोधनातील मुख्य अडचण आहे.

सूक्ष्म कणांच्या थरावर काहीशे नॅनोमीटर आकाराच्या कणांचा थर दिल्यास न शोषलेला प्रकाश विखुरून रंगद्रव्याकडे परततो. महागड्या प्लॅटिनमऐवजी कार्बन नॅनोनलिका व ग्राफीन यांचाही वापर करून पाहण्यात आला आहे.

सद्यस्थिती

पॉर्फिरिन रंगद्रव्य व कोबाल्टयुक्त द्रव वापरून २०१४ मध्ये १३ टक्के कार्यक्षमता गाठण्यात आली. ही वाढ मुख्यतः नव्या रंगद्रव्यामुळे व द्रवामुळे झाली. टायटॅनियम डायऑक्साइडचा अब्जांश थर मात्र कायम राहिला. सिलिकॉनच्या तुलनेत कार्यक्षमता कमी असली, तरी मंद व घरातील प्रकाशात हे घट उपयुक्त ठरतात.