गंगादेवींचं कोहबर



मिथिला म्हटलं की आपल्याला मल्लिनाथ आणि नमिनाथ भगवान आठवतात, दोघांचीही जन्मभूमी तीच. आज तिथल्याच, पण अगदी आपल्या आजीच्या पिढीतल्या एका बाईंविषयी लिहिते आहे. गंगादेवी. जन्म १९२८, कायस्थ घर, बिहारमधलं खेडं. मन मोकळं करायला चित्रं काढा, रंग भरा, असं हल्ली सगळीकडे सांगतात आणि त्यासाठी महागडे रंगही विकतात. गंगादेवींना हे कुणी सांगितलं नव्हतं.

मिथिलेत चित्रं काढणं हे घरकामापैकीच एक. सणाला जमिनीवर तांदळाच्या पिठाचं अरिपन, म्हणजे आपली रांगोळीच म्हणा. आणि लग्नात नवरा-नवरीच्या खोलीच्या भिंतीवर ‘कोहबर’. त्यात कमळाची पानं, बांबू, मासे, कासव, पोपट, सूर्य-चंद्र. या सगळ्याचा अर्थ एकच: जोडपं सुखात राहो, वंश वाढो. आई काढते, मुलगी बघते, मग तिच्या हातात काडी येते. गंगादेवीही अशाच शिकल्या. कायस्थ बायकांची पद्धत ‘कचनी’ म्हणतात तशी, रंग कमी आणि बारीक रेघाच रेघा.

लग्नानंतर मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली. पुढचं मी तुम्हाला काय सांगू? घरात राहूनही घर आपलं नसणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी काही जणींनी जवळून पाहिलेलं आहे. वंश वाढो म्हणून जे चित्र काढायचं, तेच या बाईच्या हातातलं सगळ्यात मोठं कसब होतं. मला ही गोष्ट वाचली तेव्हा हातातलं काम ठेवावं लागलं होतं.

ही चित्रं बाहेर कशी आली तेही थोडक्यात सांगते. १९३४ च्या भूकंपात घरांच्या भिंती पडल्या, तेव्हा पाहणी करणाऱ्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या खोल्यांतली चित्रं दिसली. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवलं. भिंतीवरचं कागदावर काढा, आम्ही विकत घेतो, असं ते घरोघरी सांगत फिरले. (वारली चित्रं जगापुढे आणण्यातही याच कुलकर्ण्यांचा हात होता. आपल्याकडे त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं.)

कागद आणि टाक हातात आल्यावर गंगादेवींचं पोटही त्यावर चालू लागलं. रामायण झालं, माणसाच्या जन्मापासूनची सगळी संस्कारांची माळ ‘मानव जीवन’ म्हणून झाली. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. अमेरिकेला गेल्या, तर तिथला जत्रेतला तो उलटसुलट फिरणारा पाळणा, रोलर कोस्टर, तोसुद्धा त्याच बारीक रेघांत बसवला. जे डोळ्यांनी पाहिलं ते काढायचं, ही सवय तोवर हाताला लागली होती.

मग कॅन्सर झाला. उपचार दिल्लीत. घरापासून इतक्या लांब, आजूबाजूला परकी माणसं. त्या काळात त्यांनी स्वतःच्या आजारपणाची एक चित्रमालिकाच काढली. ज्या टाकाने सीता आणि राम काढले, त्याच टाकाने इस्पितळ आणि उपचार. आपल्यात अजूनही या रोगाचं नाव घेताना आवाज खाली जातो, घरच्यांनासुद्धा ‘तब्येत बरी नाही’ एवढंच सांगतात. आणि इथे एक खेडवळ म्हणावी अशी बाई तो कागदावर मांडून ठेवते. त्याने रोग बरा झाला नाही. पण रोज सकाळी बसण्याला एक कारण मिळालं असेल, असं मला वाटतं. हे माझं म्हणणं, त्यांनी तसं सांगितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

उपचार चालू असतानाच दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी भिंतींवर पूर्ण कोहबर घर रंगवलं. अंगातली शक्ती औषधांनी गेलेली, आणि विषय तोच, सुखी संसार. कडवटपणा आला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण पानं टवटवीत काढली, पोपट पोपटासारखे काढले. १९९१ मध्ये त्या गेल्या.

ते कोहबर घर आता नाही. संग्रहालयाच्या नूतनीकरणात ते गेलं, २०१५ मध्ये वर्तमानपत्रांत त्यावर बरंच लिहून आलं. मिथिलेत भिंतीवरची चित्रं तशीही टिकवायची नसतात, पुढच्या लग्नाला भिंत सारवून नवीन काढतात. पण तिथे सारवणारे हात आणि काढणारे हात एकाच घरातल्या बायकांचे असतात. कागदावरची रामायणं, रोलर कोस्टर आणि ती आजारपणाची चित्रं पुस्तकांतून छापलेली आहेत. कधी हाताशी आली तर भिंग घेऊन बघा, रेघा फार बारीक आहेत.