१७. डेम्लो संख्या
खडकवासल्याच्या धरणावर लेखक भाच्याला तोंडपाठ म्हणून दाखवतो ती १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ या नऊ अंकी संख्येचा वर्ग. गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात नऊ एकांची बेरीज नऊच भरते, हातचा कुठेच येत नाही. म्हणून अंक चढत जाऊन तसेच उतरतात. या कुळाचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी केला आणि नाव दिले तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावरून. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराविना त्यांनी केलेले हे काम थोर आहे.

लेखकाने योजलेला ‘अभेद्य’ हा शब्द शब्दशः घेऊ नये. संख्या मूळ नाही, संयुक्त आहे: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा तो गुणाकार. १ व ती स्वतः धरून तिला ४५ विभाजक आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांचेच. दहा एकांच्या वर्गात मात्र हातचा येतो आणि ही रचना मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.