खोटी चिठ्ठी आणि खानदेशचा रानपिंगळा

परवा एका तरुण मित्रानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. कडुनिंबाच्या फांदीवर बसलेलं छोटं घुबड आणि खाली ओळ, "ब्रेकिंग! गौताळ्यात दुर्मिळ रानपिंगळा." तासाभरात तो फोटो तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून परत माझ्याकडंच आला. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, बातमी कधी लावताय?"

मी फोटो मोठा करून आधी डोकं बघितलं. डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. म्हणजे हा आपला नेहमीचा पिंगळा. जुन्या वाड्यात, वडाच्या ढोलीत राहणारा, संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून चिरचिर करणारा. पहाटे कंदील आणि कुडमुडं घेऊन दारी येणाऱ्या पिंगळा जोशाचं नावही यालाच जोडलेलं. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, ठिपके असलेच तर अगदी पुसट. बांधा दणकट, पाय जाड, आणि सवय अशी की भर दिवसा निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून शिकार करायची.

बातमी लावली नाही. पण या पक्ष्याचा इतिहास सांगायलाच पाहिजे, कारण तो आपल्या घाटाखालच्या खानदेशातला आहे आणि त्यात आमच्या धंद्यासाठीही एक दणका आहे.

डिसेंबर 1872. आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एक घुबड मारलं. 1873 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ते नवीन जात म्हणून जाहीर केलं आणि ब्लेविटचं नाव दिलं. हो, तेच ह्यूम, ज्यांनी 1885 मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला. शाळेत आपण त्यांचं नाव फक्त तेवढ्यापुरतं पाठ करतो. पण या माणसानं हजारो पक्षी जमवले होते आणि पक्ष्यांवर एक नियतकालिक स्वतः चालवलं होतं. भारतातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी लिहिलेलं हस्तलिखित नोकरानं सिमल्याच्या बाजारात रद्दीत विकलं, तेव्हा ते इतके खचले की सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन मोकळे झाले.

1877 मध्ये आणखी एक रानपिंगळा ओडिशाच्या बाजूला मिळाला. त्यानंतरचे नमुने आले ते आपल्या शेजारातून. जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी पश्चिम खानदेशात होता. शहादा, तळोदा भागात त्यानं 1880 ते 1884 या काळात हे घुबड गोळा केलं. 1882 मध्ये त्यानं पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीही छापली, तीही ह्यूम यांच्याच नियतकालिकात. डेव्हिडसन काही संत नव्हता, बंदुकीनंच पक्षी गोळा करायचा. पण प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधायचा. कुठं मिळाला, कधी मिळाला, कुणी मारला. संग्रहालयात मेलेल्या पक्ष्याची किंमत त्या चिठ्ठीवर ठरते. चिठ्ठी गेली की उरतो फक्त पेंढा भरलेला पिसांचा गोळा.

1884 नंतर हा पक्षी गायब. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून नमुने जेमतेम सात. त्यातल्या एकावरच नंतरची तारीख होती. ऑक्टोबर 1914, ठिकाण तापीकाठचं मांडवी, गुजरात. आणणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. हा माणूस म्हणजे मोठं प्रस्थ. सैन्यातला, हेरगिरीतला, पक्षीतज्ज्ञांत वजन असलेला. सलीम अली 1937 मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी बघायला गेले होते. 1954 मध्ये त्यानं सुमारे 20,000 पक्ष्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला भेट दिला. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? पुस्तकांत मांडवी छापलं गेलं. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पक्षी संपला असावा, असं बहुतेकांनी धरून टाकलं.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकासाठी जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्झहागेनच्या संग्रहात घोटाळा असल्याची कुजबूज जुनी होती. म्युझियममधून परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल त्याला तिथं 18 महिने बंदीही झाली होती. 1993 मध्ये ॲलन नॉक्स या संशोधकानं दुसऱ्या एका जातीच्या नमुन्यांतली त्याची लबाडी छापून उघड केली. रासमुसेन यांनी निगेल कॉलर यांच्याबरोबर या घुबडाचा नमुना बारकाईनं तपासला, एक्स-रे काढले. प्रत्येक माणसाची पक्षी भरायची, टाके घालायची एक पद्धत असते, हस्ताक्षरासारखी. त्या 1914 च्या घुबडात आतून डेव्हिडसनचा हात निघाला. म्हणजे कर्नलसाहेबांनी म्युझियममधलाच खानदेशचा पक्षी चोरला, उसवून नव्यानं भरला, मांडवीची चिठ्ठी बांधली आणि आपला म्हणून त्याच म्युझियमला परत दान केला!

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. काही वर्षांपूर्वी मी एक बिबट्याचा फोटो छापला होता. फॉरवर्ड होऊन आलेला, सोबत इथल्या एका गावाचं नाव. मी फोन करून खात्री केली नाही. आठवडाभर त्या शिवारातली माणसं रात्रीच्या लायटीवर कपाशीला पाणी द्यायला गेली नाहीत. नंतर कळलं, फोटो भलत्याच राज्यातला, दोन वर्षांपूर्वीचा. खुलासा छापला, चार ओळींचा, आतल्या पानावर. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

असो. 1914 ची नोंद खोटी ठरली, म्हणजे मांडवी बाद. उरली ती खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, काही नाही. मग शहाद्याला आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंग यांना झाडावर एक घुबड दिसलं. डोकं कोरं, पाय जाड. 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला, तोही डेव्हिडसननं लिहून ठेवलेल्या मुलखातच. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा त्यानंतर, 1 जुलै 1998 ला झाला. कन्नडहून घाट उतरून चाळीसगाव, धुळे करत गेलं तर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर.

पुढं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पद्धतशीर शोध घेतला. उत्तर महाराष्ट्र, मेळघाट आणि लगतचा मध्य प्रदेश मिळून 25 पक्षी मिळाले. नंतर यावलच्या अभयारण्यात सापडला, 2014 मध्ये मुंबईजवळच्या तानसात दिसला. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत तो 'अतिसंकटग्रस्त'मधून एक पायरी खाली 'संकटग्रस्त'मध्ये आला. तरी जगात प्रौढ पक्षी हजाराच्या आतच, असा अंदाज आहे. आणि जग म्हणजे फक्त मध्य भारत, दुसरीकडं कुठंच नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. पक्षी जिथं सापडला, त्याच पट्ट्यातलं तळोद्याचं जंगल सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी तोडलं गेलं. ज्यांची घरं पाण्यात गेली त्या आदिवासींना मी कसा दोष देऊ? पण धरण बांधताना तिथल्या झाडांवर कोण राहतं, याची नोंद कुणाच्या फायलीत होती? अधिकृतपणे तो पक्षी तेव्हा अस्तित्वातच नव्हता. जो कागदावर नाही त्याच्यासाठी कुणी हरकत घेत नाही.

आपल्याकडंही हाच हिशोब आहे. गौताळा-औट्रामघाट अभयारण्य 1986 चं. नाव ज्या जेम्स औट्रामचं, तो खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा, नावाजलेला वाघमारा. त्याच जंगलात 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ पोचला. लोकांनी विश्वास ठेवला, कारण कॅमेऱ्यातला फोटो होता. अंगावरचे पट्टे होते, तारीख होती, जागा होती. नुसतं कुणी सांगितलं असतं तर आपण चहाच्या टपरीवर हसून विषय सोडून दिला असता.

त्या तरुण मित्राला मी रात्री फोन केला. विचारलं, फोटो कुणी काढला, कोणत्या दिवशी, कोणत्या शिवारात?

"सर, ते माहीत नाही. एका ग्रुपवर आला होता."

"कोणत्या?"

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बघून सांगतो." अजून सांगितलेलं नाही.