पान क्रमांक १९६७ आणि अकराशे डॉलरचा आउटफिल्डर

मार्च २०१८. अमेरिकेच्या संसदेत सरकारी खर्चाचं एक विधेयक मंजूर झालं. पानं २,२३२. इतकी पानं कोण वाचतं? त्यातल्या १९६७ व्या पानावर बेसबॉलबद्दल एक कलम होतं, 'सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट', म्हणजे अमेरिकेचा लाडका खेळ वाचवा. नावावरून वाटेल की जुनी मैदानं वाचवायची असतील. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की मायनर लीगच्या खेळाडूंना ओव्हरटाइम द्यायची गरज नाही. आठवड्याला चाळीस तासांचं किमान वेतन दिलं की झालं, तेही सीझन चालू असताना. बाकीचे महिने तुझं तू बघ.

हे कलम कोणाच्या धाकाने आलं ते समजायला आधी एका कॉलेजच्या पोराची गोष्ट.

ॲरन सेनी हा मिसूरी विद्यापीठाचा खेळाडू. आउटफिल्डमध्ये आणि फर्स्ट बेसवर खेळायचा. आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या मागच्या गवतावर उभे असतात ते तिघे. आपल्याकडे बाउंड्रीवर फिल्डर लावतात तसंच, फक्त हातात ग्लोव्ह. २०१० च्या ड्राफ्टमध्ये फ्लोरिडा मार्लिन्सने त्याला दहाव्या फेरीत उचललं.

आता ड्राफ्टची गंमत बघा. पोरगा बारावीनंतर थेट क्लबकडे जाऊ शकतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर साधारण तिसऱ्या वर्षानंतरच त्याला घेता येतं. तिसऱ्या वर्षाला निवड झाली तर "नाहीतर मी चौथं वर्ष करतो" म्हणून पैसे वाढवून मागता येतात. पण चारही वर्षं पूर्ण केली की हातात काहीच उरत नाही. क्लब देईल तेवढ्यावर सही करायची. म्हणजे शिक्षण पूर्ण केलं म्हणून किंमत कमी!

सही केली की सात सीझन तो त्याच क्लबचा. क्लब त्याला विकू शकतो, काढू शकतो. त्याला मात्र दुसरीकडे जाता येत नाही. मग शिडी सुरू. रुकी लीग, सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि सगळ्यात वर मेजर लीग. त्या काळात पहिल्या वर्षाचा पगार महिन्याला जास्तीत जास्त अकराशे डॉलर, तोही सीझनच्या पाचेक महिन्यांपुरता. मार्चमधल्या सराव शिबिराचा पगार नाही. हिवाळ्यात अंग तयार ठेवायचं, त्याचेही नाहीत. एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण, हवेच्या गाद्यांवर झोपायचं, रात्रभर बसचा प्रवास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर हजर. बहुतेकांची सीझनची कमाई तीन ते साडेसात हजार डॉलर, असं पुढे कोर्टातल्या दाव्यात लिहिलं गेलं.

या शिडीने वर गेलेलेही आहेत. कर्टिस ग्रँडरसन शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाचा आउटफिल्डर, आईवडील दोघे शिक्षक. २००२ मध्ये तिसऱ्या फेरीत डेट्रॉईट टायगर्सने घेतला. ऑनिऑन्टा, लेकलँड, ईरी, टोलिडो अशा गावांतून खेळला, सप्टेंबर २००४ मध्ये पहिल्यांदा मेजरमध्ये उतरला. मायनरमध्ये असतानाच पदवीही पूर्ण केली. पुढे त्याच विद्यापीठाला मैदानासाठी पन्नास लाख डॉलर दिले. आता तिथल्या स्टेडियमला त्याचंच नाव आहे. मालक मंडळींना अशी उदाहरणं फार आवडतात. पण मायनरमध्ये उतरणाऱ्या बहुतेकांना मेजरचं मैदान दिसतच नाही, आणि पगाराचा प्रश्न त्यांचा होता.

ही व्यवस्था आली कुठून? १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीने छोट्या गावांतले क्लब ताब्यात घेऊन खेळाडूंची 'शेती' सुरू केली. तिथे त्याला आजही फार्म सिस्टीमच म्हणतात. १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नाही असं म्हणून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्याबाहेर ठेवलं होतं. कर्ट फ्लड या आउटफिल्डरने त्याविरुद्ध झुंज दिली आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. १९९८ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला, मेजरवाल्यांना संरक्षण मिळालं. मायनरवाले त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले. हा फ्लड स्वतः मायनरमध्ये असताना, १९५६ साली दक्षिणेत, काळा म्हणून सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात बसून जेवू शकत नव्हता. त्याच्याच नावाचा कायदा, आणि मायनरवाले बाहेर.

सेनी २०१३ मध्ये खेळ सोडून बाहेर पडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये आणखी दोघांबरोबर त्याने कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात मेजर लीगवर दावा लावला. वकील गॅरेट ब्रॉशस, हाही मिसूरीचाच. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मायनरमध्ये पिचर होता, मग कायदा शिकला. खेळाडूंची बाजू साधी होती, की आम्ही कामगार आहोत. मालकांची बाजू अशी की ही हंगामी उमेदवारी आहे, नोकरी नव्हे. (आमच्या धंद्यात 'शिकाऊ' हा शब्द किती वर्षं ताणता येतो ते मी बघितलंय. वर्षभर बातम्या दिल्यावर हातात बसभाड्याएवढं मानधन ठेवलं होतं. असो.)

दावा जोर धरायला लागला तेव्हा मालकांनी लॉबिंगवर लाखो डॉलर ओतले आणि ते पान १९६७ आलं. पगार वाढवला तर छोट्या गावांतले संघ बंद पडतील, ही त्यांची मोठी दलील. कायदा त्यांच्या मनासारखा झाला. आणि २०२० संपताना मेजर लीगनेच १६० पैकी सुमारे चाळीस संघांशी संबंध तोडले! मग संसदेने नक्की वाचवलं काय?

जुने दावे मात्र त्या कायद्याने मेले नाहीत. मार्च २०२२ मध्ये न्यायाधीशांनी हे खेळाडू वर्षभर कामगारच आहेत असं ठरवलं आणि त्याच वर्षी १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वीस हजारांहून जास्त खेळाडूंत वाटणी, वकिलांच्या अंदाजाने प्रत्येकी सरासरी पाच हजारांच्या आसपास. आठ वर्षं लढून एका सीझनचे पैसे.

खरा बदल सप्टेंबर २०२२ मध्ये झाला. पाच हजारांवर मायनर खेळाडूंपैकी बहुसंख्यांनी युनियनच्या कार्डावर सह्या केल्या आणि मालकांनी दोन आठवड्यांच्या आत मान्यता दिली. २०२३ च्या करारात सिंगल-एचा वर्षाचा किमान पगार ११,००० वरून २६,२०० डॉलर झाला, ट्रिपल-एचा १७,५०० वरून ३५,८००. सात सीझनची बांधिलकी, वयाने एकोणीस किंवा त्याहून मोठ्या नव्या पोरांसाठी, सहावर आली. बदल्यात मालकांनीही एक गोष्ट पदरात पाडून घेतली. २०२४ पासून एका क्लबने अमेरिकेत ठेवायच्या मायनर खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५.